एका विकराच्या जिवावर

नमस्कार, श्रोतेहो.

हिवतापाचा परजीवी ज्या तांबड्या रक्तपेशीत शिरतो, ती पेशी आतून ओकीबोकी असते. तिला केंद्रक नाही आणि तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, एकही नाही. त्यामुळे बाधित पेशीत जी एकुलती एक तंतुकणिका दिसते, ती या आगंतुक पाहुण्याची.

मी बोलतोय प्लास्मोडियम फाल्सिपॅरमबद्दल, या कुळातल्या सर्वांत घातक जातीबद्दल. त्याच्या तंतुकणिकेचा डीएनए जेमतेम 6 हजार अक्षरांचा असतो आणि त्यात फक्त 3 प्रथिनांची माहिती असते. आपल्या तंतुकणिकेत 13 प्रथिनांची असते. बाकीची सगळी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, केंद्रकातल्या जनुकांवरून घडतात आणि मग तंतुकणिकेत पोचवली जातात.

तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. रक्तातल्या परजीवीला मात्र ते फारसं लागू पडत नाही. तो आपल्या रक्तातलं ग्लुकोज अक्षरशः ढोसतो, त्यातलं बहुतेक लॅक्टिक आम्लापर्यंत मोडतो आणि तेवढ्या ऊर्जेवर मजेत राहतो. मग ही तंतुकणिका पोसायची कशाला? आणि ती इतकी बिनकामाची असेल, तर अ‍ॅटोव्हाक्वोन हे औषध तिच्यातली इलेक्ट्रॉन वाहून नेणारी साखळी अडवतं, तेव्हा परजीवी मरतो का?

उत्तर त्याच्या वाढीच्या वेगात आहे. साधारण 48 तासांत एका परजीवीपासून 16 ते 32 पिल्लं तयार होतात. प्रत्येकाला जनुकांची पूर्ण प्रत हवी, आणि एका प्रतीत डीएनएच्या अक्षरांच्या सुमारे 2 कोटी 30 लाख जोड्या असतात. ही अक्षरं दोन गटांतली, प्युरिन आणि पिरिमिडीन, आणि प्रत्येक जोडीत दोन्हींपैकी एकेक. पिल्लं 20 धरली, तर नुसत्या डीएनएसाठी 46 कोटी पिरिमिडीनं लागतात, तीही दोन दिवसांत. प्युरिनं तो आपल्याकडून सरळ उचलतो. पिरिमिडीनं आयती घेऊन वापरण्याची सोय मात्र त्याच्याकडे नाही. ती सगळी त्याला पहिल्यापासून घडवावी लागतात.

घडवण्याच्या या मार्गात सहा पायऱ्या आहेत. चौथी पायरी सांभाळणारं विकर म्हणजे डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज. नाव तोंडात मावत नाही, म्हणून शास्त्रज्ञही डीएचओडीएच म्हणतात, आपणही तेच म्हणू. हे विकर तंतुकणिकेच्या आतल्या पटलाला चिकटून असतं. आपलं काम करताना ते इलेक्ट्रॉन काढतं आणि युबिक्विनोन नावाच्या रेणूकडे सोपवतं. डोक्यावरचं ओझं उतरवल्याशिवाय हमाल पुढची फेरी करू शकत नाही, तसंच या युबिक्विनोनचं. त्याचं ओझं उतरवून घेतं साखळीतलं पुढचं विकर, सायटोक्रोम बीसी-1. अ‍ॅटोव्हाक्वोन नेमकं तिथेच जाऊन बसतं. युबिक्विनोन भरलेलाच राहतो, डीएचओडीएच थांबतं, आणि पिरिमिडीनांचा पुरवठा आटतो.

हे सिद्ध कसं झालं, तो भाग मला सगळ्यांत आवडतो. 2007 साली अखिल वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परजीवीत यीस्टचं डीएचओडीएच घातलं. यीस्टच्या या विकराला युबिक्विनोनची गरजच नसते, ते इलेक्ट्रॉन फ्युमरेट नावाच्या दुसऱ्याच रेणूला देऊन मोकळं होतं. हे परजीवी अ‍ॅटोव्हाक्वोनमध्येही खुशाल वाढत राहिले! म्हणजे रक्तातल्या अवस्थेत ती सगळी साखळी मुख्यतः एका विकराच्या सोयीसाठी चालू ठेवलेली होती.

गंमत म्हणजे, त्याच परजीवींना अ‍ॅटोव्हाक्वोनसोबत प्रोग्वानिल हे दुसरं औषध दिलं, की ते मरत होते. तंतुकणिकेच्या पटलावर एक विद्युत दाब असतो, आणि तो टिकवण्याचा साखळीखेरीज दुसराही मार्ग असावा. प्रोग्वानिल तो मार्ग बिघडवतं, असं दिसतं. ही दोन औषधं एकाच गोळीत का देतात, याचं एक कारण इथे सापडतं.

आपल्या पेशींतही डीएचओडीएच असतं. सांधेदुखीच्या एका आजारात दिलं जाणारं लेफ्लुनोमाइड शरीरात गेल्यावर त्यालाच अडवतं. परजीवीच्या विकरावर मात्र त्याचा प्रभाव अगदी क्षीण, कारण औषध जिथे बसतं तो खळगा दोन्हीकडे वेगळ्या आकाराचा आहे. याच फरकाचा फायदा घेऊन डीएसएम-265 हा रेणू घडवला गेला. तो परजीवीचं विकर अडवतो, आपलं बहुतांशी सोडून देतो. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत तो पोचला.

आता डासाकडे वळू. मादी अ‍ॅनोफेलिसच्या पोटात ग्लुकोजची ती चंगळ संपते. तिथे तंतुकणिकेला खरोखर ऊर्जा बनवावी लागते. अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्ज चक्राची विकरं, ती ऊर्जा एटीपी या रेणूत साठवणारं एटीपी सिंथेज, हीमचा रेणू बनवणारी विकरं, अशी रक्तात नसली तरी भागणारी कितीतरी विकरं डासात अत्यावश्यक ठरतात.

अ‍ॅटोव्हाक्वोनला न जुमानणारे परजीवी रुग्णांमध्ये सापडतात. सायटोक्रोम बीसी-1 चाच भाग असलेल्या त्यांच्या सायटोक्रोम बी या प्रथिनात, बहुधा 268व्या जागी, बदल झालेला असतो. या बदलामुळे रक्तात निभावतं, पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे परजीवी डासात आपलं जीवनचक्र पूर्णच करू शकले नाहीत. शिवाय तंतुकणिका येते मादी युग्मकाकडून, म्हणजे परजीवीच्या मादी प्रजननपेशीकडून, त्यामुळे नराच्या वाटेनेही हा बदल पुढे जात नाही. ज्या रुग्णात असा परजीवी तयार झाला, त्याच्यावर औषध हरतं आणि त्याला दुसरे उपचार द्यावेच लागतात. पण त्याच्या शेजारच्या माणसाला डासामार्फत तोच प्रतिरोधी हिवताप होण्याची शक्यता मात्र फार कमी.