मोटेचं पाणी, आरशाचं पाणी

(दृश्य: विहिरीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पारव्यांचं घुमणं.)

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की लिंब फाटा लागतो. आत वळलं की ही बारा मोटांची विहीर. नाव बाराचं, पण मोजायला गेलात तर मोटा जोडायच्या जागा पंधरा भरतात! शाहू महाराजांच्या काळात, शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. कशासाठी? आमराईच्या पाण्यासाठी.

(दृश्य: स्टडली रॉयलची तळी.)

नेमक्या त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला, जॉन एस्लबी पाण्याच्या मागे लागला होता. हा देशाचा अर्थमंत्री. साउथ सी कंपनीच्या शेअर्सचा फुगा फुटला आणि 1721 मध्ये त्याला संसदेतून हाकललं. गृहस्थ घरी, स्टडली रॉयलला, आला आणि बागेत रमला. स्केल नदी त्याने दोरी धरावी तशी सरळ केली. शेजारी एक गोल तळं, दोन्ही अंगांना दोन चंद्रकोरी. काठाला शिशाचे पुतळे, मागे ग्रीक धाटणीचं देऊळ. या पाण्यावर एकही आंबा पिकायचा नव्हता. ते नुसतं निवांत पाहायचं.

मग बागांची चाल बदलली. सरळ रेषा जुनाट ठरल्या. 'केपेबिलिटी' ब्राउनसारख्या बागा आखणाऱ्यांनी आखीव बागा मोडून हिरवळी पसरल्या, वळणदार तलाव केले. एस्लबीचा मुलगा विल्यमही नव्या चालीचा, पण त्याने बापाची तळी बुजवली नाहीत. 1767 मध्ये शेजारच्या फाउंटन्स मठाचे अवशेष विकत घेऊन बागेला जोडले. पडक्या भिंतींचीच तेव्हा हौस होती. मला मात्र बापाची चंद्रकोर जास्त आवडते.

(दृश्य: पुन्हा लिंब. विहिरीतला महाल.)

इथल्या मोटा चाल बदलली म्हणून थांबल्या नाहीत. इंजिनं आली, बैल सुटले.

पण हा महाल बघा. मोठी विहीर आणि उपविहीर यांच्या मधोमध, पाण्याच्या वर. नुसती आमराईच भिजवायची, तर विहिरीच्या पोटात महाल कशाला? चैत्रातली दुपार. वर धावेवर बैल उतरतायत, चाकं कुरकुरतायत, मोट थारोळ्यात रिती होतेय. आणि इथे, गार दगडाला पाठ टेकून, कुणीतरी खालचं पाणी बघत बसलंय.