दोघांचं रक्त

[दृश्य: सकाळ, धडगावचा घाट, माणसांनी भरलेली जीप]

वरच्या पाड्यावरून गरोदर बाई सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून पोरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीला निघते तेव्हा जीपचं भाडं जातं आणि त्या दिवसाची मजुरी पण बुडते. तपासणी फुकट असली तरी तिला ती फुकट पडत नाही, हे आधी मान्य करूया.

तरीपण आम्ही म्हणतो करा. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल खूप आहे. आई वाहक, बाप वाहक, म्हणजे आजाराचा एकच जनुक अंगात, दोघं अगदी ठणठणीत, आणि बाळाला आजार व्हायची शक्यता 4 मध्ये 1, तीही दर बाळंतपणाला नव्याने. पहिलं पोर आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली असा हिशोब लोक करतात, तो साफ चुकीचा आहे.

[दृश्य: आशाताईंच्या हातातली कुपी, अगदी जवळून]

बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब कुपीत टाकला. मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. एवढंच असतं, खर्चही किरकोळ.

खरा खर्च नंतरचा, दोघंही वाहक निघाले तर. मग पोटातल्या बाळाची तपासणी, 10-12 आठवड्यांना वारेचा बारीक तुकडा नाहीतर 15-16 नंतर गर्भजल, त्यात गर्भ पडायचा थोडा धोका, आणि ती होते मुंबईसारख्या ठिकाणी, म्हणजे मुक्काम, सोबतीला माणूस, घरी लहान पोरं कोणाकडे ठेवायची हा प्रश्न. रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते त्या बाईनेच ठरवायचं, सासूने नाही की डॉक्टरने नाही. मूल ठेवते म्हणाली तरी तपासणी वाया गेली नाही, आधी माहीत असलं की पेनिसिलिन, लसी, पुढे हायड्रॉक्सियुरियाचं औषध सगळं वेळेवर सुरू होतं, आणि अशी पोरं शाळेत जातात, मोठी होतात, आम्ही पाहिलीत.

केंद्राचं सिकलसेल मिशन जुलै 2023 पासून चालू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं तेव्हा ठरवलं होतं. पण इथे अडतं नवऱ्यापाशी. दोष बाईचाच धरतात, त्याचं रक्त कोणी बघतच नाही, आणि बघायचं म्हटलं तर तो ऊसतोडीला गुजरातला गेलेला. होळीला परत येतो तोवर हिला सातवा लागलेला असतो. म्हणून आमचं म्हणणं, होळीच्या दिवसांत अख्खा पाडा घरी असतो ना, तेव्हाच कुप्या घेऊन वर या, लग्न ठरायच्या आधीच्या पोरापोरींचं पण रक्त तेव्हाच बघा.