वाद गाण्यावर, बेड्या दुकानदाराला

मंडळी, शनिवारची तलावपाळीवरची फेरी सोडून हिपहॉपवरच्या व्याख्यानाला एवढी माणसं येतील असं आयोजकांनाही वाटलं नसावं, खुर्च्यांवरून कळतंच आहे. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी निर्धास्त बसावं, मी काहीही म्हणून दाखवणार नाही. (हशा)

विषय दिलाय 'वादग्रस्त अल्बम बाजारात आणताना'. त्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. अल्बमवरून वाद पेटला की आपण सगळे गाण्यावर भांडतो. कारवाई मात्र विकणाऱ्यावर आणि जागा देणाऱ्यावर आधी होते, आणि त्यांचा विचार गायकाने केलेलाच नसतो.

1989 साली मायामीच्या टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचा 'ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी' हा अल्बम आला, म्हणजे 'वाटेल तितके ओंगळ'. नावातच कबुली आहे. बायकांबद्दल त्यात जे आहे ते किळसवाणं आहे, त्याची वकिली करायला मी उभा नाही. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख, निक नवारो यांच्या माणसांनी कॅसेट विकत घेतली, न्यायाधीशाकडून 'सकृद्दर्शनी अश्लील' असा आदेश मिळवला आणि त्याच्या प्रती घेऊन दुकानं पालथी घातली. खटला भरला नव्हता, बंदीही नव्हती. नुसतंच 'विकाल तर बघा'. दुकानदारांनी मुकाट माल काढून ठेवला. हे तंत्र आपल्याकडे शिकवावं लागत नाही. (हशा)

मग रेकॉर्ड कंपनीनेच शेरीफवर दावा लावला. 6 जून 1990 ला न्यायाधीश होझे गोन्झालेस यांनी काय निकाल द्यावा? शेरीफने दुकानदारांना दमात घेतलं ते घटनाबाह्य, आणि अल्बमही अश्लील. दोन्ही पक्षांना एकेक छडी! दोन दिवसांनी चार्ल्स फ्रीमन या दुकानदाराने अल्बम विकला म्हणून त्याला अटक. त्याच आठवड्यात हॉलिवूडमध्ये (फ्लोरिडातलं, ते दुसरं नव्हे) प्रौढांसाठीच्या कार्यक्रमात गाणी म्हटली म्हणून गायकांनाही अटक.

गायकांच्या खटल्याची मजा ऐका. पुरावा काय, तर पोलिसांनी लपवलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरवरचं मुद्रण. नुसती खरखर आणि कल्ला. शब्द कळेनात म्हणून साक्षीला उभ्या पोलिसांनाच ते कोर्टात उलगडून सांगावे लागले, गंभीर चेहऱ्याने. शेवटी ज्यूरीने न्यायाधीशांना विचारलं, आम्ही हसलो तर चालेल का? परवानगी मिळाली. (हशा) साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी साक्षीत कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेतली अतिशयोक्ती समजावली. शिमग्याच्या बोंबेचा शब्दशः पंचनामा केला तर काय हाती लागेल, तसाच तो प्रकार होता.

ऑक्टोबरमध्ये गायक निर्दोष सुटले. आणि फ्रीमन? त्याच महिन्यात दोषी, दंड 1000 डॉलर. गाणारा सुटला, विकणारा अडकला. 1992 मध्ये वरच्या कोर्टाने गोन्झालेस यांचा 'अल्बम अश्लील' हा निकालही फिरवला. शेरीफने नुसती कॅसेट हजर केली होती. कलामूल्य नाही असं सांगणारा एकही जाणकार आणला नव्हता. गटाने मात्र आणले होते.

आपल्याला यात नवल वाटायला नको. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून उच्च न्यायालयाने दंड केला 25 रुपये, आणि तो रद्द करायला 1969 साली सर्वोच्च न्यायालय लागलं. पंचवीस रुपयांसाठी दिल्ली!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, पळतो. मूळ विषय आता.

ठाणे, कळवा, ऐरोलीची जी मुलं मागे उभी आहेत त्यांनी लिहून घ्या. वितरकाच्या फॉर्मवर 'एक्स्प्लिसिट'ची, म्हणजे शिवराळ-अश्लील शब्द असल्याची, खूण प्रत्येक गाण्याला वेगळी असते, ती लपवू नका. शब्द गाळलेली स्वच्छ आवृत्ती काढणार असाल तर तिला स्वतंत्र आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक लागतो, अक्षरं आणि आकडे मिळून बारा. शब्द कापायचे ते मिक्सच्या आधी, आवाजाचे ट्रॅक सुटे असताना. तयार एमपीथ्री कापली की शब्दाबरोबर बीटही जातो. नेहमी होतं ते असं की मुख्य आवाजातला शब्द जातो, डबलमध्ये (त्याच ओळी वर पुन्हा म्हटलेल्या) आणि ॲडलिबमध्ये (मधल्या आरोळ्या) मात्र तोच शब्द शाबूत राहतो. हेडफोन लावून ते दोन्ही वेगळे ऐका. गाण्याचं शीर्षक आणि कव्हरही तपासा.

सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा, वापरलं तर परवानग्या दोन, एक ध्वनिमुद्रणाची आणि एक चाल-शब्दांची. टू लाइव्ह क्रूचं 'प्रीटी वुमन' या जुन्या गाण्याचं विडंबन तर स्वच्छ आवृत्तीत होतं, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1994 मध्ये पोचलं ते तेच! विडंबन हा उचित वापर, म्हणजे परवानगीविना चालणारा वापर, ठरू शकतो असं तिथे ठरलं. त्या भरवशावर इथे जुनी सिनेगीतं उचलू नका.

कायदा: भारतीय न्याय संहितेचं कलम 294 अश्लील मजकुराच्या विक्री-वितरणाला, 296 सार्वजनिक जागी अश्लील गाण्याला. आपलं सर्वोच्च न्यायालय 2014 पासून आजच्या समाजाच्या निकषावर आणि संपूर्ण कृती पाहून तपासतं, सुटा शब्द उचलून नाही. म्हणून अख्ख्या अल्बमचे शब्द छापून जवळ ठेवा. 2023 मध्ये अंबरनाथला मराठी रॅपवर गुन्हा दाखल झाला तो राजकीय टीकेवरून, म्हणजे शिव्या नाहीत म्हणून गाफील राहता येत नाही.

कार्यक्रमाआधी हॉलवाल्याला शब्दांची प्रत द्या, पोच घ्या, प्रवेशाच्या वयाची अट तिकिटावर छापा. ध्वनिक्षेपकाचा परवाना वेगळा काढा, आणि रात्री दहाला माईक बंद म्हणजे बंद.