दाखला एक, खिडक्या अनेक

श्रोतेहो, नमस्कार.

खेड्यात घरातील कर्ता माणूस गेला, की 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करावी लागते. दाखला हाती आला, की त्याच्या झेरॉक्स घेऊन वारसांचे हेलपाटे सुरू होतात. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी लोकांच्या तोंडी तलाठीच आहे), शिधापत्रिकेसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत, निवृत्तिवेतनासाठी आणखी कुठे. प्रत्येक टेबलावर संगणक आहे. पण एका कार्यालयाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याचे काम मात्र दुःखातल्या माणसाकडेच आहे.

कार्यालयांनी एकमेकांना परस्पर कळवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्याच राज्यात ई-फेरफार प्रणालीमुळे दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले, की त्याची माहिती महसूल खात्याकडे ऑनलाइन जाते आणि खरेदीदाराने वेगळा अर्ज न करताही फेरफाराची प्रक्रिया सुरू होते. जमीन विकत घेणाऱ्याला मिळालेली ही सोय वारसाला नाही. त्याला महसूल अधिनियमाच्या कलम 149 नुसार तीन महिन्यांत स्वतःच कळवावे लागते. वारस कोण, हे यंत्राने परस्पर ठरवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. तथापि निर्णय अधिकाऱ्याकडे ठेवूनही वार्ता त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचवता येते.

ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंड वगळता ‘टेल अस वन्स’ ही सेवा आहे. मृत्यूची नोंद करताना निबंधक कुटुंबाला एक क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकावर फोनवरून किंवा ऑनलाइन एकदाच माहिती दिली, की कर, पेन्शन, पासपोर्ट, वाहन परवाना या केंद्रीय खात्यांना आणि स्थानिक परिषदेलाही ती कळते. ही सेवा वापरायची की नाही, हे कुटुंब ठरवते.

आपल्याकडे जन्ममृत्यू नोंदणी कायदा केंद्राचा, नोंद ग्रामपंचायतीची आणि सातबारा राज्याच्या महसूल खात्याचा, अशी विभागणी आहे. 2023 च्या दुरुस्तीने मृत्यूच्या राष्ट्रीय माहितीसाठ्याचा उपयोग मतदारयादी, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी यांसाठी करण्याची कायदेशीर वाट उघडली आहे. तिची सुरुवात गावातच व्हावी. मृत्यूची नोंद घेतानाच मृताच्या नावे शेतजमीन आहे काय, एवढे विचारावे, आणि कुटुंबाची संमती असल्यास वारसनोंदीचा अर्ज तिथूनच तलाठ्याच्या संगणकावर जावा.