नकाशाला न दिसणारी मोरी

(दृश्य: पारसिकच्या माथ्यावरून खाली ठाणे-बेलापूर रस्ता, पलीकडे खाडी)

नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगराच्या पश्चिम अंगावर पडलेला पाऊस शेवटी ठाणे खाडीत जातो. वाटेत त्याला एमआयडीसी लागते, मग ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वे, मग घरं.

तो नेमका कुठून जाणार, हे संगणक उंचीवरून ओळखतो. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात उंची भरायची. भोवतालच्या आठ चौकोनांपैकी ज्याच्याकडे उतार सगळ्यात तीव्र, तिकडे पाणी सोडायचं. कुठे किती चौकोनांचं पाणी जमलं हे मोजत गेलं, की पडद्यावर नाले आपोआप उमटतात. डोंगरावर हे झकास जमतं.

(दृश्य: रेल्वेचा भराव, खालची मोरी)

खाली उतरलं की गडबड सुरू. फुकट मिळणारा एक नावाजलेला उंचीचा नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानावरच्या रडारने टिपला. चौकोन ३० मीटरचा. त्याला खारफुटीचे शेंडेही जमीन वाटतात. बरं, जास्त बारीक नकाशा आणला तर रेल्वेचा भराव स्वच्छ दिसतो, पण बंधारा म्हणून! खालची मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जायची वाट, वरून दिसणार कशी? ती कोणीतरी चालत जाऊन शोधायची आणि हाताने नकाशात कोरायची.

(दृश्य: भर पावसात उतारावरून वाहणारं पाणी)

आता पाणी किती? अमेरिकेच्या कृषी खात्याची एक जुनी रीत जगभर वापरतात. माती आणि जमिनीचा वापर पाहून प्रत्येक तुकड्याला शंभरपर्यंतचा एक अंक द्यायचा. झाडीच्या उताराला ७० धरला, तर १०० मिलिमीटर पावसातलं साधारण ३३ मिलिमीटर वाहून जातं. काँक्रीटला ९८, तिथे ९४ वाहतं. पण आधीचे पाच दिवस पाऊस झोडपत असेल, तर त्याच झाडीचा अंक ८५ होतो आणि ६१ मिलिमीटर खाली येतं. जुलैतला डोंगर जूनसारखा वागत नाही, तो असा.

(दृश्य: नाल्यातून पाण्याचा नमुना घेणारा हात)

पाण्याच्या प्रतीबाबत एकट्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. मे महिन्यात नाल्याचं पाणी काळंकुट्ट, पण वाहतं थोडं. ऑगस्टमध्ये निवळल्यासारखं दिसतं, तरी खाडीत पडणारी एकूण घाण जास्त असू शकते. लिटरमागची घाण गुणिले प्रवाह असा हिशेब आहे. नमुना वाईट निघाला, तर नकाशावर उलटं चढत त्या जागेला कोणकोणते भूखंड पाणी देतात ते काढता येतं. चोर पकडायला सोयीचं! फक्त सांडपाण्याची पाइपलाइन उतार पाळत नाही. ती नकाशात नसेल, तर भलत्याच भूखंडावर बोट जातं.

(दृश्य: धारण तलाव, झडपा)

किनाऱ्याजवळ तर उताराचंही चालत नाही. भरतीला धारण तलावांच्या झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात; तोवर पावसाचं पाणी तलावात थांबतं. गाळ आणि खारफुटीने तलाव भरला, तर थांबायला जागा कमी. म्हणून भरतीचं वेळापत्रक आणि तलावाची आजची खोली, दोन्ही गणितात हवीत.

यातलं निम्मं काम नालेसफाईतच होऊ शकतं. माणसं तेव्हा मोऱ्यांपर्यंत उतरतातच. गाळाच्या टनांसोबत मोरीची जागा, रुंदी आणि तळाची उंचीही लिहून घ्यायला लावा.