प्रॅक्टिकल संपल्यावर

दापोलीपासून समुद्र आठ-दहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे इथल्या कृषी विद्यापीठातले विद्यार्थी रोज संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर फिरत असतील, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात एस.टी.ची वेळ आणि वसतिगृहाची हजेरी सांभाळताना किनारा रविवारपुरताच उरतो. एरवी मुलांचा मोकळा वेळ आवारातच जातो आणि तो कसा जाईल, हे बहुधा पाऊस ठरवतो.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या या परिसरात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. सोलापूर-लातूरकडून शिकायला आलेल्या मुलाने दुष्काळ पाहिलेला असतो. आठवडाभर न वाळणारे कपडे मात्र तो प्रथमच पाहतो. मैदानावर पाय ठरत नाही, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते आणि सारी गर्दी कॅरम व टेबल टेनिसच्या टेबलांभोवती जमते. टेबले थोडी आणि खेळणारे पुष्कळ, म्हणून हरलेल्याने उठायचे हा नियम कोणी लिहून न ठेवताही पाळला जातो. घाटावरच्या आणि कोकणातल्या मुलांची खरी ओळख वर्गापेक्षा या रांगेत होते. पुढे गणपतीच्या सुट्टीत लांबच्या गावी जाणे न जमलेला एखादा विद्यार्थी याच ओळखीवर मित्राच्या घरी आरतीला उभा असतो.

जांभ्याची माती सच्छिद्र असल्यामुळे पाणी तिच्यात फार काळ साचून राहत नाही. पाऊस ओसरला की मैदान लवकर वाळते आणि कबड्डी सुरू होते. पुरुषांच्या सामन्याला १३ बाय १० मीटर जागा आणि रेषा आखायला चुना, एवढ्यावर चौदा जण खेळतात. इतक्या कमी खर्चात इतक्या जणांना सामावून घेणारी दुसरी सुविधा दाखवणे कठीण आहे. अर्थात, सुविधा सर्वांसाठी खुली असणे वेगळे आणि ती सर्वांना मिळणे वेगळे. जिथे मुलींना वसतिगृहात लवकर परतावे लागते, तिथे दिवेलागणीनंतरचे मैदान आपोआप मुलांचे होते, मग सूचनाफलकावर काहीही लिहिलेले असो.

युवा महोत्सव जवळ आला की सभागृहाच्या मागे ढोलकी आणि झांजा ऐकू येतात. नमन किंवा जाखडी या कोकणातल्या लोककलांचा सराव चालू असतो आणि तिथे गावाकडे शिमग्यात वा गणपतीत नाचलेला मुलगा शिक्षक होतो, इतर शिकतात.

ग्रंथालयाची अभ्यासिका मात्र बारमाही भरलेली असते. राज्यसेवेची, कृषीसेवेची आणि पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणारे विद्यार्थी प्रॅक्टिकल आटोपताच तिथे येऊन बसतात. वेळापत्रकात हा वेळ रिकामा दिसतो, पण त्याला फावला वेळ म्हणणे धाडसाचे ठरेल. नोकरीची चिंता त्या रिकाम्या रकान्यात केव्हाच शिरलेली आहे. खिडकीजवळच्या जागेला मागणी अधिक, कारण वीज गेली तरी तिथे वाचता येते. चौथ्या वर्षाचे विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावोगावी राहायला गेले की यातल्या काही जागा मोकळ्या होतात आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वह्या त्याच दिवशी तिथे येऊन पडतात.