आलुबुखार, पांढरे चीज आणि रात्रीचा सुकाणूवाला

श्रोतेहो, नमस्कार. शिडाच्या बोटीने महासागर ओलांडणाऱ्यांच्या ज्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचतात, त्या बहुतेक वादळांच्या असतात, आणि त्याबद्दल आपल्या वृत्तपत्रांवर माझा जुना राग आहे. कारण किनारा दिसेनासा झाल्यापासून तो पुन्हा दिसेपर्यंतचे बहुतेक दिवस दोनच गोष्टी सांभाळण्यात जातात: झोप आणि जेवण. आज मी या दोन गोष्टींविषयीच बोलणार आहे.

भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 10 सप्टेंबर 2017 रोजी ‘तारिणी’ या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि 23 ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला पोहोचल्या. त्या वर्षीची घटस्थापना, दसरा आणि लक्ष्मीपूजन हे सारे त्यांना भर समुद्रातच आले. बोटीवर अशी चार-सहा माणसे असली, तर पाळ्या लावता येतात; एखादी सुकाणूवर असताना दुसरी झोपू शकते. परंतु 2009-10 मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या कमांडर दिलीप दोंदे यांच्यासारखा एकटा दर्यावर्दी असेल, तर झोपेचे तुकडे करावे लागतात. क्षितिजावर नुकतेच दिसू लागलेले मोठे जहाज वीस-पंचवीस मिनिटांत अंगावर येऊ शकते, म्हणून घड्याळाचा गजर लावायचा, उठून चहूकडे नजर फिरवायची, होकायंत्र आणि शिडे पाहायची आणि पुन्हा आडवे व्हायचे. बोट एका कुशीवर कललेलीच असते, त्यामुळे झोपायच्या फळीला जाड कापडाचा आडोसा बांधलेला असतो. तो नसला, तर झोपलेला माणूस पहिल्याच मोठ्या लाटेला जमिनीवर येतो.

आता जेवण. बोटीवरची शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते, म्हणून बोट कितीही कलली तरी भांडे सरळ राहते. स्वयंपाक करणाऱ्याला मात्र कमरेला पट्टा बांधून उभे राहावे लागते. पालेभाज्या पहिल्या आठवड्यातच संपवाव्या लागतात. पुढे कांदे, बटाटे आणि कोबी यांवर भिस्त. त्यांतला एकेक रोज हातात घेऊन तपासायचा आणि नासका दिसला की लगेच समुद्रात टाकायचा, नाहीतर एकामुळे सारी टोपली जाते. झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर हा माझ्या मते अशा प्रवासातला सर्वांत मोलाचा सोबती आहे, आणि पाकिटातल्या तयार जेवणाचे गोडवे गाणाऱ्यांनी लाटांवर शिजलेली मुगाची खिचडी एकदा खाऊन पाहावी. असो.

खाण्याचा विषय निघाल्यावर जोशुआ स्लोकमची हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा हा पहिला माणूस. 1895 मध्ये तो बॉस्टनहून निघाला, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती, त्याला पोहता येत नव्हते आणि त्याची ‘स्प्रे’ ही बोट त्याने एका जुन्या, मोडक्या होडीवरून स्वतःच्या हाताने नव्याने बांधलेली होती. जुलैमध्ये तो अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर चार दिवस थांबला. तिथल्या लोकांनी त्याला भरपूर फळे दिली, अमेरिकेच्या वाणिज्यदूताने पांढरे चीज दिले, आणि कित्येक दिवस ताज्या अन्नाला पारखा झालेला हा गृहस्थ पुन्हा समुद्रावर आल्यावर चीज आणि आलुबुखार एकत्रच, पोटभर खात बसला.

रात्र पडेपर्यंत पोटात असा मुरडा उठला की त्याला ताठ उभे राहवेना, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आले. कळांच्या मधल्या उसंतीत त्याने मोठे शीड कसेबसे आखडले, सुकाणू बांधून बोट आपल्या दिशेला लावली आणि खाली जाऊन केबिनच्या जमिनीवर अंग टाकले. मध्येच शुद्ध आली, तेव्हा बोट जोराने हेलकावत होती. त्याने दारातून वर पाहिले, तर सुकाणूपाशी एक उंच माणूस उभा. डोक्यावर एका कानावर झुकलेली लाल टोपी, काळे दाट कल्ले, चाच्यासारखा अवतार! त्या माणसाने अदबीने टोपी काढून सांगितले, की मी कोलंबसच्या ‘पिंता’ जहाजाचा सुकाणूवाला आहे, तुम्ही निजून राहा, आजची रात्र बोट मी सांभाळतो. आणि जाता जाता त्याने कप्तानाला रागेही भरले: चीज आणि आलुबुखार एकत्र खाल्लेत, हे चुकलेच तुमचे! श्रोतेहो, आपल्या घरोघरच्या आज्या दूध आणि आंबट फळ एकत्र खाऊ नका म्हणून ओरडतात, ते मला इथे हटकून आठवते.

सकाळी स्लोकम वर आला, तेव्हा डेकवर बांधून न ठेवलेली एकही वस्तू उरली नव्हती. परंतु बोट रात्री लावून दिलेल्या दिशेनेच चालली होती आणि तिने खवळलेल्या समुद्रातून नव्वद मैल कापले होते. दुपारी कपडे उन्हात वाळत घालून तो झोपला, तेव्हा तोच सुकाणूवाला स्वप्नात भेटीला आला, आणि जाग आल्यावर स्लोकमने शिल्लक राहिलेले सगळे आलुबुखार समुद्रात फेकून दिले.

तो सुकाणूवाला तापातला भास होता, हे उघड आहे. बोट मात्र खरोखरच स्वतः चालत होती. ‘स्प्रे’चा तळ लांब होता आणि शिडांचा तोल असा जमलेला होता की सुकाणू बांधून ठेवले तरी ती वाट सोडत नसे. पुढे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंतचे 2,700 मैल तिने 23 दिवसांत कापले, आणि त्या साऱ्या काळात स्लोकमला सुकाणूवर एकूण तीन तासही बसावे लागले नाही. आज हेच काम वाऱ्याच्या दिशेवर चालणारे पाते किंवा विजेवर चालणारा स्वयंचलित सुकाणू करतो, आणि एकट्या माणसाला झोप मिळते ती त्याच्याच जिवावर. शिधाही स्लोकमने नंतर साधाच ठेवला: बटाटे, खारवलेला मासा, बिस्किटे आणि कॉफी; शिवाय उष्ण प्रदेशात रात्री शिडावर आपटून डेकवर पडलेले उडते मासे तो सकाळी गोळा करी आणि न्याहारीला तळून खाई.